आक्षेप

टण् असं झालं होतं सकाळी
स्कूटर सुरू केली तेव्हा. मला वाटलं,
बक्षीकाकूंच्या मोरीत वाटी पडली.
पडावच्या पुलाचा चढ अर्धा झाला
आणि इंजिन आधी कुंथलं, मग
दातखीळ बसल्यासारखं गप्प.
मागचा टेम्पोवाला म्हणाला, "माताजी, साइड में।"
माताजी! छप्पन्नाव्या वर्षी.

संध्याकाळी पोर्चमध्ये टॉर्च मारला.
परातीएवढं तेलाचं थारोळं,
मधोमध तो बोल्ट
गळ्यात तांब्याचा वॉशर घालून,
कुणी न्यायला येईल म्हणून बसलेला.

परवाच तर सर्व्हिसिंग झालं होतं, जिंसी नाल्यावर,
रामसेवक कुशवाहांकडे. आठशे पन्नास, तेलासकट.

आज त्यांनी नवं बिल पुढं केलं,
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेलं:
पिस्टन-रिंग चौदाशे पन्नास
बोअर सहाशे
ऑइल तीनशे ऐंशी
गॅस्केट एकशे दहा
मजुरी बाराशे.
बेरीज बरोबर होती. ती मी आधी पाहिली.
बत्तीस वर्षं ए.जी. ऑफिसात काढलीत,
बेरीज बरोबर असली
की समजायचं, चूक वर आहे.

पर्समधून औषधाची डबी काढली,
बोल्ट काउंटरवर ठेवला. "हा तुमचा."
"मैडम, पुरानी गाड़ी है, वाइब्रेशन से..."
"तेरा वर्षं वायब्रेशन होतंय. तेरा वर्षं बोल्ट जागेवर होता.
तुमच्याकडून आला आणि दुसऱ्या दिवशी पडला."
मी मराठीत बोलत होते. रागात माझं हिंदी संपतं.
त्यांना सगळं कळत होतं.
मजुरी गेली. मग गॅस्केट गेलं.
तेलावर ते अडून बसले, "तेल मैंने थोड़ी पिया।"
"माझ्या फरशीनं प्यायलं. आणि त्याचे पैसे मी परवाच दिलेत."
तेलही गेलं.

मागे टायरांच्या चळतीशी एक मुलगा,
सोळाचा असेल, मिसरूड नाही,
कुणाच्या तरी चाकाचा नट कसत होता,
एकदा, दोनदा,
कसून झाल्यावर परत एकदा.
आमच्याकडे बघत नव्हता.
त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
मेहगावचे एक मास्तर, लज्जाराम भदौरिया.
त्यांच्या पेन्शनच्या कागदावर मी नवाचा चार केला.
चहा आला होता, एवढंच आठवतं.
अकरा महिने ते पाचाच्या फरकानं जेवले,
मग पोस्टकार्ड आलं, कृपया एक बार देख लें।
एक बार.
फरक पाठवला, व्याज नाही.
फाइलवर शेरा पडला, लिपिकीय त्रुटि,
आणि लिपिक कोण, ते कुणाला हवं नव्हतं.
मला बिल आलं नाही.

"तो मैडम?"
दोन हजार पन्नास उरले होते.
माझं म्हणणं शून्य. नियमानं शून्यच.
"पिस्टनचे निम्मे," मी म्हणाले, "सातशे पंचवीस.
आणि पक्की पावती."
शेजारी उभं राहून कुणी दुसरंच बोललं
असं वाटलं मला. कुशवाहांनाही वाटलं असावं,
त्यांनी पेन शोधायला वेळ लावला.
पावतीवर नुसतंच 'ऑइल नट' लिहिलं.
सातशे पंचवीसचा नट.
असली पावती माझ्या टेबलावर आली असती
तर मी परत पाठवली असती.
घडी घालून ठेवली.

निघताना त्या मुलानं स्कूटर स्टँडवरून उतरवली
आणि खाली हात घालून बोल्ट चाचपला.
मग मीही वाकले, त्याच्या देखत.
त्याला राग आला असेल. येऊ दे.

फूलबागेच्या सिग्नलला पुन्हा वाकले.
रस्ता कोरडा होता.
मागून कुणीतरी हॉर्न दिला,
"माताजी, हरी हो गई।"